गाडीचा श्वास, शहराचा श्वास

ओंगारला राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल की ही वसाहत उभी राहण्यापूर्वी इथे घोड्यांचा स्टड फार्म होता आणि तो एके काळी आगाखानांच्या मालकीचा होता. पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी १८९२ मध्ये बांधला, तेच हे घराणं. म्हणजे आपण मराठी माणसं इथे यायच्या कितीतरी आधी पुण्याचा एक धागा ओंगारपर्यंत येऊन पोचला होता! आता घोडे गेले आणि दारोदारी 'हॉर्सपॉवर' उभी राहिली. पण या सगळ्या गाड्यांची बॉनेटं उघडून पाहिली तर त्यात एकही कार्बोरेटर सापडणार नाही, अशी जवळजवळ पैज लावता येईल.

१९९० नंतर जन्मलेल्या आपल्या मुलांना 'कार्बोरेटर' हा शब्दच माहीत नाही. आपल्या वडिलांच्या पिढीला मात्र तो घरातल्या माणसासारखा परिचयाचा होता. "कार्बोरेटर चोक झालाय", "गाडी उठत नाही", "पेट्रोल फार पितेय, ट्युनिंग करून घ्या" ही वाक्यं ऐकत आपण मोठे झालो. शंभर-सव्वाशे वर्षं माणसं या पितळ-ॲल्युमिनियमच्या डब्याशी झटापट करत राहिली, तो 'सुधारत' राहिली. गंमत अशी, की सुधारणा म्हणजे काय याचं उत्तर प्रत्येक पिढीने वेगळं दिलं. त्या बदलत्या उत्तरांचाच हा इतिहास आहे.

फ्लिटचा पंप

आपल्या लहानपणी डास मारायला फ्लिटचा हातपंप असायचा. दांडा पुढे रेटला की हवा नळीच्या तोंडावरून वेगाने जायची, खालच्या डब्यातलं औषध आपोआप वर यायचं आणि त्याचा फवारा उडायचा. औषध कोणी वर ढकलत नसे. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. डॅनिएल बर्नुलीने ते १७३८ च्या आपल्या ग्रंथात मांडलं आणि मध्येच अरुंद केलेल्या नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रयोग इटलीच्या जोव्हानी व्हेंचुरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केले.

कार्बोरेटरमध्ये पंपाचा दांडा म्हणजे इंजिनाचा पिस्टन. फरक इतकाच की तो हवा ढकलत नाही, ओढतो. एअर फिल्टरमधून आलेली हवा एका अरुंद गळ्यातून जाते. त्या गळ्याला व्हेंचुरी म्हणतात. तिथे दाब उतरला की शेजारच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटमधून ओढलं जातं आणि हवेत मिसळतं. जेट म्हणजे आरपार बारीक भोक असलेला पितळी स्क्रू. सोलेक्स कंपनीच्या मेन जेटवर १२० असा आकडा असेल तर भोक १.२० मिलिमीटरचं. ते १२५ चं केलं, म्हणजे व्यास फक्त पाच शतांश मिलिमीटरने वाढवला, तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं! तारेचा तुकडा घालून जेट 'साफ' करणाऱ्याला जाणते मिस्त्री का ओरडत, ते यावरून कळेल. जेटला फुंकर मारायची, तार लावायची नाही.

आता महत्त्वाचा हिशेब. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचं तर एका लिटर पेट्रोलला जवळपास नऊ हजार लिटर हवा. पण इंजिनाची सर्वांत जास्त ताकद मिळते ती हवा थोडी कमी, म्हणजे साडेबारा-तेरा पट असताना. सर्वांत जास्त ॲव्हरेज मिळतं ते हवा थोडी जास्त, साडेपंधरा-सोळा पट असताना. आणि धुराड्यातून येणारा धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडून नीट शुद्ध करून घ्यायचा असेल तर प्रमाण १४.७ वरच धरून ठेवावं लागतं. म्हणजे ताकद, बचत आणि स्वच्छता या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या जागी बसल्या आहेत आणि कार्बोरेटरच्या हाती आहे एक जेट आणि दोन-तीन स्क्रू. पुढचं सगळं रामायण यातूनच घडलं.

पहिलं उत्तर : वेग

सुरुवातीच्या मोटारींत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नुसती फिरवली जाई. जेटमधून फवारा उडवणारा कार्बोरेटर जर्मनीच्या विल्हेल्म मेबॅखने १८९३ मध्ये केला. त्याच वर्षी हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनीही आपल्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. एकच कल्पना दोन देशांत एकाच वेळी उगवली.

या फवाऱ्याची ताकद आयर्लंडने लवकरच पाहिली. २ जुलै १९०३ रोजी गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत किल्डेअर, लीश आणि कार्लोच्या रस्त्यांवर झाली. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला मनाई होती, म्हणून खास कायदा करून ती आयर्लंडमध्ये भरवली. आपण कुठल्याही रविवारी ज्या अथाय गावापर्यंत सहज गाडीने जाऊन येतो, तिथून त्या दिवशी बेल्जियमचा कामीय जेनात्झी मर्सिडीज दामटत गेला. खास शर्यतीसाठी केलेल्या नव्वद हॉर्सपॉवरच्या गाड्या कारखान्याच्या आगीत जळाल्या होत्या, म्हणून एका ग्राहकाची साठ हॉर्सपॉवरची गाडी मागून आणावी लागली. मेबॅखच्या हाताखाली घडलेल्या त्या उसन्या गाडीने तासाला सुमारे ८० किलोमीटरच्या सरासरीने शर्यत जिंकली. त्या काळी सुधारणा म्हणजे वेग, एवढं साधं उत्तर होतं. गळा रुंद करा, जेट मोठं करा, धूर कुणी मोजत नाही.

गळा रुंद करण्याचीही एक किंमत असते. रुंद व्हेंचुरीतून भरधाव वेगाला हवा भरपूर मिळते, पण सावकाश जाताना तिच्यातल्या हवेला जोर राहत नाही, पेट्रोलचा फवारा नीट उडत नाही आणि गाडी पिकअप घेताना अडखळते. शर्यतीच्या गाडीला जे अमृत, ते सिग्नलला दर दोन मिनिटांनी थांबणाऱ्या टॅक्सीला विष.

दुसरं उत्तर : बचत, अर्थात कुर्ल्याची फियाट

आपल्याकडे मोटार बनवायचं स्वप्न पाहिलं सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडण्यापासून झाली, १९५१ पासून इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ मध्ये फियाट ११०० आली, १९६४ मध्ये तिचं 'डिलाइट' हे रूप आलं आणि १९७४ मध्ये तिचं बारसं झालं : प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, आणि त्यावर सोलेक्स कार्बोरेटर. (नाटकवेड्या वाचकांसाठी : पुण्याचा विनोद दोशी नाट्यमहोत्सव ज्यांच्या नावाने होतो, ते विनोद दोशी याच प्रीमियरचे अध्यक्ष होते.)

सोलेक्स मूळ फ्रेंच. त्याच कंपनीचा कार्बोरेटर फोक्सवॅगन बीटलवर असे. आणि जर्मनीबाहेर बीटल पहिल्यांदा जोडली गेली ती १९५० मध्ये, आपल्या डब्लिनच्या शेल्बोर्न रोडवर! म्हणजे कुर्ल्याचा कामगार आणि डब्लिनचा कामगार एकमेकांना न ओळखता एकाच घराण्याचे कार्बोरेटर बसवत होते.

मुंबईत नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, पेट्रोल महाग. तेव्हा सुधारणा म्हणजे ॲव्हरेज आणि टिकाऊपणा. हौशी मंडळी मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींसाठी फियाटवर दोन-दोन कार्बोरेटर चढवत, पण बाकी सगळ्या जगाला हवी होती ती रोज सकाळी पहिल्या स्टार्टरला उठणारी आणि कमी पिणारी गाडी.

घाटातली वाफ आणि डब्लिनचा बर्फ

कार्बोरेटर हा मोठा हवामान-भित्रा प्राणी. त्याचे मुंबईतले आणि डब्लिनमधले आजार अगदी उलटे होते.

मे महिन्यात मुंबई-पुणे प्रवासात बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली, त्यांना 'व्हेपर लॉक' सांगायला नको. इंजिनाला चिकटलेला पेट्रोलपंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ काही ढकलू शकत नाही आणि गाडी बसते. उपाय ठरलेला : पंपावर ओलं फडकं आणि तोवर सगळ्यांनी वडापाव. त्यात खंडाळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. तिथली हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ, पण जेट तेवढंच. म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. महाबळेश्वरला तर हवा तेरा-चौदा टक्के विरळ. गाडी जड का चालते, धूर का सोडते, याचं कारण वर चढणाऱ्या रस्त्याइतकंच या विरळ हवेत होतं.

इथे आयर्लंडमध्ये उलटा खेळ. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं आणि गळ्यातलं तापमान वीस-पंचवीस अंशांनीही उतरू शकतं. बाहेर आठ-दहा अंश आणि हवा आयरिश, म्हणजे ओलीचिंब. अशा वेळी कार्बोरेटरच्या आत चक्क बर्फ धरतो! गाडी धापा टाकत थांबते, माणूस बॉनेट उघडून पाहीपर्यंत इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि गाडी शहाण्यासारखी सुरू होते. म्हणून बीटलच्या एअर क्लीनरला गरम हवा आणून देणारी नळी असे. मॉरिससारख्या गाड्यांत एअर क्लीनरचं तोंडच हिवाळ्यात फिरवून तापलेल्या एक्झॉस्टकडे करायचं, उन्हाळ्यात पुन्हा बाजूला.

जुन्या गाडीला 'थंड हवा द्या, ताकद वाढेल' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो खोटा नाही. हवा दहा अंश थंड झाली की तीन टक्क्यांनी दाट होते. मुंबईच्या उकाड्यात बॉनेटखालच्या तापल्या हवेऐवजी समोरची हवा घेण्यात फायदाच आहे. पण तीच सुधारणा जानेवारीत डब्लिनला केली तर गळ्यात बर्फ. गाव बदललं की सल्ला बदलतो.

कानाने ट्युनिंग

मुंबईच्या गल्लोगल्लीच्या गॅरेजमध्ये मशीन नव्हतं. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकायचे. स्लो स्पीडचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, आवाज गोल झाला की पाव आटा मागे. मग प्लग काढून रंग पाहायचा : काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर हवा जास्त, दुधाच्या चहासारखा असेल तर उत्तम.

या मंडळींचा क्रमही ठरलेला. आधी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, मग पॉइंट, टायमिंग आणि प्लग, मग एअर फिल्टर आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग, मग फ्लोटची पातळी, आणि जेटला हात सगळ्यात शेवटी. कारण कार्बोरेटरच्या नावावर खपणारे निम्मे आजार मुळात इग्निशनचे असतात. नवशिका मात्र पहिल्यांदा एअर फिल्टर काढून फेकतो. मिनिटभर गाडी मोकळा श्वास घेते, आणि वर्षभरात मुंबईची धूळ पिस्टनच्या रिंगा खाऊन टाकते.

यातलं फारसं काही कुणी लिहून ठेवलं नाही. ते उस्तादाकडून 'छोटू'कडे हातोहात गेलं.

तिसरं उत्तर : स्वच्छता

१९९० च्या दशकात मुंबईत साठ हजारांहून जास्त काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या आणि बहुतेक सगळ्या पद्मिनी. शहर खोकू लागलं होतं. चारचाकी पेट्रोल गाडीच्या धुरात उभ्या स्थितीत कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांहून जास्त नको, असा नियम झाला आणि पीयूसीच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. मग चाचणीपुरता मिक्श्चरचा स्क्रू आवळायचा, सर्टिफिकेट घ्यायचं आणि पुढच्या नाक्यावर तो पुन्हा ढिला करायचा, ही 'ट्युनिंग'ही निघाली. ज्या अर्ध्या आट्याने गाडीला दम यायचा, त्याच अर्ध्या आट्याने फूटपाथवरच्या माणसाचा दम जायचा.

पुढे पेट्रोलच बदललं. इंजिन नॉक करू नये म्हणून त्यात शिसं घालायची युक्ती अमेरिकेत थॉमस मिजलीने १९२१ मध्ये शोधली होती. ते शिसं मुलांच्या मेंदूला घातक, हे कळूनही ते काढायला जगाला अनेक दशकं लागली. युरोपीय संघात ते जानेवारी २००० पासून बंद झालं आणि भारतभर फेब्रुवारी २००० पासून. शिसं गेल्यावर प्लगचा रंगही फिका दिसू लागला. उस्तादांच्या डोळ्यांची जुनी 'चहाची' खूण बदलली आणि त्यांना नवी शिकावी लागली.

१९९९ मध्ये स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली, व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. गॅस पुरवणारी महानगर गॅस १९९५ मध्येच स्थापन झाली होती. हा बदल झाला तो नेमका हवेच्या वाटेवर : एअर फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये 'मिक्सर' नावाची एक कडी बसली. कडीतही व्हेंचुरीच, फक्त पेट्रोलऐवजी गॅस ओढणारी. सिलिंडरमधली जवळजवळ दहावा हिस्सा जागा गॅसच अडवतो, त्यामुळे तेवढी हवा कमी आणि तेवढी ताकद कमी. "गॅसवर गाडी ओढत नाही" ही ड्रायव्हरांची तक्रार खरीच होती. पण खर्च उतरला आणि धूरही उतरला. तरीही सकाळी दोन मिनिटं पेट्रोलवर चालवायची, नाहीतर कार्बोरेटरचं पॅकिंग सुकतं, हा शहाणपणा गॅरेजनेच शोधला.

हवा सुधारते का, असं विचारणाऱ्याला डब्लिनचं उदाहरण द्यावं. इथे कारण वेगळं होतं, घराघरांतला कोळसा. सप्टेंबर १९९० पासून धुराच्या कोळशाची विक्री डब्लिनमध्ये बंद झाली आणि हवेतला काळा धूर सुमारे सत्तर टक्क्यांनी घटला. श्वसनाच्या आणि हृदयाच्या विकारांनी होणारे मृत्यूही घटले, हे २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं.

नव्या नियमांत कार्बोरेटर बसेना. युरोपात १९९२-९३ मध्ये आणि भारतात २००० च्या सुमारास इंजेक्शन आलं. पद्मिनीचं उत्पादनही तेव्हाच थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीचं वय वीस वर्षांपेक्षा जास्त नको या नियमाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली.

चौथं उत्तर : जतन

आता ज्यांच्याकडे पद्मिनी, बीटल किंवा मॉरिस मायनर आहे, ते ती रविवारी काढतात. त्यांना वेग नको, ॲव्हरेजही फारसं नको, गाडी जिवंत राहायला हवी. आणि नेमकं आता पेट्रोल पुन्हा बदललंय. आयर्लंडमध्ये २०२३ पासून ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथॅनॉल आलं. भारताने २०२५ मध्ये वीस टक्के गाठले. इथॅनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते : ई१० ला सुमारे १४.१ पट, ई२० ला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच मापाने हवा देतो, मिश्रणात हवा जास्त होते आणि इंजिन तापतं. कागदावर हिशेब केला तर ई१० ला १२० च्या जागी १२२.५ चं जेट लागेल आणि ई२० ला १२५ चं. म्हणजे उस्तादांची ती पाच शतांशाची विद्या पुन्हा कामाला आली! याखेरीज जुन्या रबरी नळ्या बदलायच्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी तशीच सोडायची नाही, कारण इथॅनॉल पाणी ओढतं.

काळी-पिवळी गेल्याचं वाईट आपल्या सगळ्यांना वाटलं. पण तिचा धूर गेल्याचं वाईट वाटायचं कारण नाही. वाईट वाटावं ते त्या कानांचं आणि हातांचं, ज्यांनी चार वेळा बदललेल्या प्रश्नाला एकाच स्क्रू-ड्रायव्हरने उत्तर दिलं. कुर्ल्याच्या कारखान्यात किंवा एखाद्या गॅरेजमध्ये आयुष्य घालवलेले काका-मामा आपल्यापैकी कुणाच्या तरी घरी अजून आहेत. या दिवाळीत फोन कराल तेव्हा फराळाची चौकशी झाली की त्यांना एवढंच विचारा, "स्लोचा स्क्रू किती आटे ठेवायचात?" आणि ते जे सांगतील, ते लिहून घ्या. पुढच्या अंकासाठी पाठवलंत तर आम्हाला हवंच आहे.

शुभ दीपावली!